पलूसचं बोला की

नीमा टांझानियाहून सांगलीला शिकायला आली तेव्हा तिच्याकडे दोन मोठ्या बॅगा होत्या आणि मराठीचा एकही शब्द नव्हता. आम्ही दोघी शेतकीच्या एमएस्सीला होतो आणि झुबेदाचाचींच्या माडीवर एकाच भाड्याच्या खोलीत राहायचो. पहिल्याच संध्याकाळी चाचींनी कप पुढे केला आणि विचारलं, "चाय पीती क्या?"

नीमा दचकली. तिच्या स्वाहिलीतही चहाला चायच म्हणतात. मग चाचींना चेवच चढला. चपाती दाखवली, तर ती तिकडेही चपातीच. औषधाची बाटली दाखवून दवा म्हणाल्या, तर नीमा म्हणाली दावा. किताबचं किताबू झालं, गाडीची गारी झाली. अर्ध्या तासानं दोघी एकमेकींचे हात धरून हसत होत्या आणि ही पोरगी हमारेच घर की है, असं चाचींनी खाली जाऊन सगळ्या गल्लीला सांगून टाकलं.

नीमाच्या प्रबंधाचा विषय ऊस होता. तोडणीनंतर रानात पडलेला वाळका पाला, ज्याला आम्ही पाचट म्हणतो, तो पेटवून न देता जागेवरच कुजवणाऱ्या साठ बायकांच्या मुलाखती तिला घ्यायच्या होत्या. मी मूळची पलूसची, त्यामुळे दर रविवारी तिला स्कुटीवर मागं घालून तिकडे न्यायचे आणि शेजारी बसून भाषांतर करायचे. त्या साठजणींतलीच माझी चुलती राहीबाई, तिला ते अजिबात आवडलं नाही.

"साक्षे, तू गप बस. तिचं तिला बोलू दे," ती म्हणाली आणि तिनं नीमाच्या हातात खुरपं दिलं. त्या दिवशी दोघींनी मिळून सरीमागून सरी खुरपली. कुणाला काय कळलं देव जाणे, पण दोघी दिवसभर बोलत होत्या.

दिवाळीपर्यंत नीमा मराठी बोलायला लागली. म्हणजे राहीबाईसारखीच, कमरेवर हात ठेवून आणि बांधापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात. एकदा स्कुटी पंक्चर झाली म्हणून एसटीनं आलो. कंडक्टर गर्दीत ढकलत पुढे निघाला, तशी ती म्हणाली, "आवं मास्तर, दमानं घ्या की जरा." कंडक्टरनं तिकिटं फाडायची सोडून तिच्याकडे पाहिलं, आणि तासगाव येईपर्यंत बस हसत होती.

जूनमध्ये तिची तोंडी परीक्षा झाली. परीक्षक बाहेरगावचे होते. पिकलेले केस, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि बोलणं छापील. इंग्रजीतले प्रश्न सुरळीत गेले. मग त्यांनी प्रबंध मिटला, चष्मा काढला आणि ते आमच्या मार्गदर्शक मॅडमना म्हणाले, "साठ मुलाखती म्हणता. मुलीला भाषा येत नसताना ही माहिती नेमकी गोळा केली कुणी?"

"तिनंच केली, सर," मॅडम म्हणाल्या.

सर नीमाकडे वळले. "आपण या महिलांशी कोणत्या भाषेत संवाद साधलात, आणि त्यांच्या प्रतिसादांची विश्वासार्हता कशी पडताळलीत?"

नीमाचा चेहरा कोरा झाला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मागच्या बाकावर होते. परीक्षेत मला तोंड उघडता येत नव्हतं. शेवटी तीच अगदी नम्रपणे म्हणाली, "आवं सर, तुमचं मराठी मला कळंना. पलूसचं बोला की."

मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. सरांची मिशी हलल्यासारखी वाटली.

"बरं," ते म्हणाले. "बाया पाचट का जाळत न्हाईत?"

"कशाला जाळायचं? पाचट असलं की रानात वल टिकती, पाणी कमी लागतंय, तण उगवत न्हाई. गडीमाणसं काडी लावून मोकळी हुत्यात, कारण खुरपायला आमालाच जायचं असतंय."

आमालाच, असं म्हणाली ती.

सर खुर्ची पुढे ओढून बसले. "माझं गाव विट्याजवळ," ते म्हणाले. "असं बोलून मला तीस वर्षं झाली असतील." आणि मग प्रश्नामागून प्रश्न सुटले. वीस मिनिटांची परीक्षा दीड तास चालली. शिपाई दोनदा चहा देऊन गेला. तरीही माणूस कामाला चोख. जाता जाता त्यांनी प्रबंधातली बायकांच्या नावांची आणि फोन नंबरांची यादी काढली, डोळे मिटून एका नावावर बोट ठेवलं आणि फोन स्पीकरवर लावला. बोट नेमकं राहीबाईवर पडलं होतं.

"नमस्कार, मी विद्यापीठाकडून बोलतोय."

"लोन नगं मला," राहीबाई म्हणाली. फोन बंद.

सरांनी पुन्हा लावला. "आवं ताई, ठेवू नका. नीमा म्हणून कुणी पोरगी आली हुती का तुमच्याकडं?"

"आली हुती म्हंजे? वरीसभर येतीया. तुमी कोन?"

"मी तिचा परीक्षक."

"मग पास केली का न्हाई?"

"करतोय."

"करतोय न्हाई. केली म्हना, मंग ठेवते."

सरांनी मॅडमकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "केली," ते म्हणाले.

पुढचं मला सलग आठवत नाही. आम्ही जिना तीन-तीन पायऱ्यांनी उतरलो. नीमाची एक चप्पल मधेच राहिली आणि ती आणायला परत कुणी गेलं नाही. गेटवर वाट बघत थांबलेल्या चाचींना मिठी, वॉचमनला मिठी, नारळवाल्याला नमस्कार. तिथंच तिनं आईला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगत सुटली. सर काय म्हणाले, राहीबाई काय म्हणाली, चप्पल कुठं गेली. पलीकडे आई शांतपणे ऐकत होती. चांगली दोन मिनिटं गेली, तेव्हा कुठं आईनं विचारलं, हे तू कुठल्या भाषेत बोलतेस, आणि पास झालीस का नापास?

नीमानं फोन छातीशी धरला आणि फूटपाथवर मांडी घालून हसत बसली. फोन मग चाचींनी घेतला.