हाताला येईल अशी कडी

मी एक जुनी लोखंडी कडी आहे. मित्रांनो, लोखंडाला राग येत नाही असं ज्याला वाटतं, त्याने माझी हकिगत ऐकावी.

घरात खिडकी दुरुस्त करायला सुतार आला होता. दहा वर्षांची मुलगी त्याच्यामागे येऊन म्हणाली, "दादा, माझ्या खोलीला आतून कडी लावून द्या ना. माझ्या हाताला येईल अशी." त्याने मला चांगलं खाली, चार स्क्रू पिळून घट्ट बसवलं.

माझी नोकरी जेमतेम आठ दिवसांची. रविवारी मोठे काका तिला गणित शिकवायला आले. ते आले की सगळं घर उठून उभं राहायचं. त्यांनी दार ढकललं. मी हलले नाही.

"घरच्या माणसाला कडी? हेच वळण लावलंत का पोरीला?" काका गरजले. चोराच्या उलट्या बोंबा! मुलीला दार उघडावं लागलं, आणि आई शरमून स्क्रूड्रायव्हर घेऊन आली.

"आई, नको ना काढूस."

"अगं, काका म्हणजे वडिलांच्या जागी. त्यांना काय वाटेल?"

मुलीला काय वाटतं, हे मात्र कुणी विचारलं नाही. पुढे त्या खोलीत काय झालं ते मी सांगणार नाही. ते सांगायचा हक्क तिचा आहे.

तिने मला कचऱ्यातून उचलून कंपासपेटीत लपवलं. तिथे मी पंचवीस वर्षं गंजले. ती मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासू लागली. एकदा धीर करून तिने घरात सगळं सांगितलं, तर उत्तर काय? "आपलेच दात, आपलेच ओठ. आता कशाला उकरून काढतेस?" आणि जेवायच्या टेबलावर मानाची खुर्ची काकांनाच! मला अजून संताप येतो.

मग तिला वाचनालयामागच्या खोलीत जमणारी माणसं भेटली. सगळ्यांनी लहानपणी तेच सोसलेलं. 'विसरून जा' असं तिथे कुणी म्हणत नाही. तिने मला टेबलावर ठेवलं, तेव्हा निवृत्त नर्सबाई एवढंच म्हणाल्या, "आमचा विश्वास आहे तुझ्यावर." धिप्पाड बसड्रायव्हर डोळे पुसत म्हणाला, "हिला दाराला लावू या. कुठे लावू?"

"खालीच. तेव्हा होती तेवढ्यावर."

आता मला लावायला प्रत्येकाला वाकावं लागतं. ज्याला बोलायचं असतं, तो स्वतः मला लावतो आणि वाटेल तेव्हा काढतो.

परवा ती मला लावून बोलत होती. दारावर टकटक झाली.

"मी आहे गं, आई. कडी मीच काढली होती. का मागतेस, एवढंसुद्धा विचारलं नाही मी. ऐकू देशील मला?"

तिचा हात माझ्यावर आला. मग तो मागे गेला.

"आज नाही, आई. माझं बोलून व्हायचंय. थांबायचं तर बाहेर थांब."

आई बाहेरच्या बाकावर दोन तास बसून राहिली. मी जागची हलले नाही, आणि या वेळी मला कुणी काढलंही नाही.

मित्रांनो, एखाद्या लेकराने कडी मागितली, तर आधी कडी लावून द्या. मग त्याच्याजवळ बसा आणि का मागितली ते विचारा. मोठ्यांना काय वाटायचं ते वाटू द्या.