अर्क कशात विरघळवला होता

डोकं फिरलंय माझं! सात महिने लॅबमध्ये या हातांनी पाला वाटला, अर्क काढला. उंदरांना आधी अर्क टोचायचा, मग फिट आणणारं औषध, आणि सेकंद मोजत बघत बसायचं. गेल्या आठवड्यात अर्कवाल्या दहांपैकी आठांना फिट आलीच नाही. नुसतं पाणी दिलेले दहाच्या दहा तडफडले. सर इतके खूश की स्वतः उठून सगळ्यांना चहा घेऊन आले.

परवा माझी ट्यूब पेटली. अर्क पाण्यात विरघळतच नाही, तो आम्ही अल्कोहोलमध्ये विरघळवतो. मग तुलनेच्या उंदरांना पाणी कसं चालेल? सरांना विचारलं, तर म्हणाले, "तू उंदीर धर, डोकं मी चालवतो." काल ते मीटिंगला गेल्यावर मी दहा उंदरांना तेवढंच अल्कोहोल टोचलं. पाल्याचा थेंब नाही. आठांना फिट आली नाही!

आज वही त्यांच्यापुढे आपटली. त्यांनी उघडलीसुद्धा नाही.

"सोमवारी अहवाल जातोय. आता खुसपट काढू नकोस."

"खुसपट? अहो, औषध कसलं, उंदरांना चढली होती!"

"जाताना दार लावून घे."

लावलं, भिंत हादरेल असं लावलं. आणि तरातरा ताईचं घर गाठलं.

ताईच्या लेकीला, आमच्या चिमणीला, चौथ्या वर्षापासून फिट येतात. गोळ्यांनी आटोक्यात असतात, पण पोर वर्गात पेंगते. म्हणून पहिला निकाल आला त्याच संध्याकाळी मीच ताईला फोन केला होता. "आता गोळ्यांचे दिवस भरले!" कुठून अवदसा आठवली मला!

ताई गॅसवर तोच पाला उकळत होती. रस्त्याकडेला कुठेही मिळतो मेला.

"गोळ्या कुठायत?"

"बंद केल्या. पाच दिवस झाले. बघ जरा, पोरगी कशी तरतरीत झालीय."

मी पातेलं सिंकमध्ये उपडं केलं. सरांचा उद्धार केला, सात पिढ्यांसकट. ताईने गॅस बंद केला.

"तुझ्या सरांना मी ओळखत नाही," ती म्हणाली. "मी तुझं ऐकलं."

तेवढ्यात आतल्या खोलीत धप्प झालं. दोघी धावलो. चिमणी फरशीवर, दातखीळ बसलेली, हातपाय झटकत होती. ताईने तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली हात घातला, "गोळ्या! वरच्या फळीवर!" म्हणून ओरडली.

आणि मी मेली उंदरांच्या सवयीने सेकंद मोजत उभी होते.