अमुक गोत्र, अमुक नाव

मधुरा फळ्यावर मोटार काढत होती. जावास्क्रिप्टमधला ‘क्लास’ समजावताना बहुतेक शिक्षक मोटारच काढतात: क्लास म्हणजे नकाशा, त्यावरून बनलेली प्रत्येक मोटार म्हणजे ऑब्जेक्ट. चौथं चाक बाकी होतं, तेवढ्यात पहिल्या बाकावरून विष्णू गुरुजी म्हणाले, "मॅडम, कार तर माझ्याजवळ नाहीये. हे संकल्पासारखं आहे का?"

गुरुजी एकसष्ट वर्षांचे. सकाळी राम घाटावर श्राद्धविधी सांगायचे आणि दुपारी धोतरातच नानाखेड्याच्या या कॉम्प्युटर क्लासला यायचे. त्यांच्याखालोखाल वडीलधारा विद्यार्थी बावीस वर्षांचा होता.

"संकल्प एकच असतो," त्यांनी सांगितलं. "‘अमुक गोत्र, अमुक नाव’ म्हणून जागा रिकामी. देवासचा येवो की नागपूरचा, समोर बसला की त्याचं भरायचं. मंत्र नवा नाही लिहावा लागत."

मधुराने मोटार पुसली. रिकाम्या जागा भरतो तो कन्स्ट्रक्टर, ‘न्यू’ म्हटलं की नवा यजमान पाटावर बसला, संकल्प म्हणणं ही मेथड, असं तिने लिहून दिलं. मुलांना क्लास प्रथमच समजला.

गुरुजी हौसेने आले नव्हते. गेल्या पितृपक्षात त्यांच्याकडून दोन यजमानांच्या गोत्रांची अदलाबदल झाली. यजमानांना पत्ता नव्हता. पितरांचीही तक्रार आली नाही. तरी गुरुजींनी दोघांना फोन करून परत बोलावलं, चूक सांगितली आणि विधी पुन्हा केला. वहीत लिहून ठेवा, असं सगळ्यांनी सुचवलं. वही कुठे ठेवली, तेच आठवत नव्हतं. मोबाइल हरवला तर निदान वाजतो.

महिन्याभरात त्यांचं वेब-पान तयार झालं: नाव-गोत्र भरलं की पूर्ण संकल्प पडद्यावर. पहिल्या चाचणीत तीन यजमान भरले. तिघांचंही गोत्र भारद्वाज निघालं. गुरुजींचा चेहरा उतरला. ज्या चुकीला भिऊन इथवर आले, तीच आता मशीनही करू लागलं होतं. मधुराने पाहिलं, तर नाव-गोत्र त्यांनी क्लासच्या बाहेर एकाच जागी ठेवलं होतं. नवा यजमान आला की आधीच्याचं पुसलं जाई.

"म्हणजे ज्याचं त्याच्याजवळ ठेवायचं?"

"हो गुरुजी. गोत्राच्या आधी ‘धिस’ लिहा. म्हणजे याचं, जो समोर बसलाय त्याचं."

"समजून गेलो."

एका बोटाने त्यांनी ते सुधारलं. आता काहीही खोटं नाव घालून बघा, असं तिने सुचवलं. खोटं नाव संकल्पात घालायला गुरुजी तयार नव्हते. त्यांनी स्वतःचं नाव-गोत्र भरलं, मग वडिलांचं, आजोबांचं आणि चार वर्षांपूर्वी गेलेल्या पत्नीचं, सुलूचं.

"घरचं कशाला? ते तर तुम्हाला पाठ असेल."

"आज आहे," गुरुजी म्हणाले.

पडद्यावर संकल्प उमटला. त्यांनी चष्मा पुसला, खुर्चीतच मांडी घातली आणि हलक्या आवाजात, अक्षर न् अक्षर वाचत गेले. सुलूच्या नावापाशी त्यांना पडद्याकडे बघावं लागलं नाही.