सर्दीचा कोठा

केस एकच होता. काळ्या बाहीवर, मनगटाच्या जरा वर, पांढरा, मुळाशी किंचित पिवळसर. दारात बांधलेल्या पॉमेरियनचा असणार. रूपाने तो चिमटीत धरून उजेडाकडे नेला — जळगावच्या प्रयोगशाळेत केळीच्या रोपांच्या बाटल्या ती अशाच उजेडाकडे न्यायची — आणि तिला वाटलं, बिचाऱ्या केसाचा यात काहीच दोष नाही. दोष कातडीच्या त्या न दिसणाऱ्या भुकटीचा, वाळलेल्या लाळेचा. ती हवेत तरंगते, पडद्यांत बसते, माणसाच्या छातीत शिरते... केस गळोत न गळोत. हे तिला पक्कं माहीत होतं. आणि तरीही आज धुळ्यात, कुत्री विकणाऱ्या या हिलालभाऊंच्या ओसरीवर, ती आणि तिचा होणारा नवरा अभिमन आणि त्याची आई इंदिराबाई बसले होते ते केस न गळणारं पिल्लू निवडायला. कारण तसं तिनेच सांगितलं होतं.

‘केस फार गळतात त्याचे,’ ती म्हणाली होती. साखरपुड्यानंतर अभिमनने फोनवर विचारलं होतं, लॅब्रॅडॉर घेऊ या का? ती पिंपळनेरला, स्वयंपाकघरात. समोर आई, ओठांवर बोट. वाक्य खरं होतं. लॅब्रॅडॉरचे केस गळतातच. इतकं खरं वाक्य खोटं बोलायला वापरता येतं — आणि ते आपण किती सहज वापरलं, न अडखळता, एखादं निरीक्षण नोंदवावं तसं.

दमा हा शब्द त्या घरात कधी उच्चारलाच गेला नाही. ‘रूपाना कोठा सर्दीना शे, दुसरं काही नही,’ आई म्हणायची. शाळेच्या पायऱ्यांवर धाप लागली, सर्दी. रात्रभर उशीला टेकून बसून काढली, सर्दी. डॉक्टरांनी पंप दिला तो सर्दीचा पंप, आणि तो देवघराच्या खालच्या खणात, पाहुण्यांना दिसणार नाही असा. बघायला आलेल्या मंडळींसमोर आबांनी, तिच्या वडिलांनी, मान डोलावली होती — सर्दीचा कोठा, हो, थंड सोसत नाही तिला. माझी छाती, माझा श्वास, आणि त्याचं नाव काय ते ठरवणार हे. त्यांचा राग करावा तर त्यांनीच मला पाठीवर घेऊन दवाखाना गाठलेला... म्हणून राग कमी होत नाही, उलट त्याला जागा उरत नाही, तो आतच फिरत राहतो.

“सुनबाईला झाडू नको हातात,” इंदिराबाई हिलालभाऊंना सांगत होत्या, “म्हणून बिनकेसाचं पाहिजे. आमच्या वेळी असं असतं तर मीपण बिनकेसाचा नवरा मागितला असता.”

“ते तर आपोआप होस अक्का,” हिलालभाऊ म्हणाले, “थोडी वाट पाहावी लागस.”

सगळे हसले. रूपाही हसली. आजारी ठरण्यापेक्षा आळशी ठरणं परवडलं, असं आईने शिकवलं होतं.

हिलालभाऊंनी आतून कुरळ्या, तपकिरी केसांचं पूडलचं पिल्लू आणलं. अभिमनने मोबाईलमध्ये प्रश्न लिहून आणले होते. लस झाली का. खातो काय. आईबापांना काही आजार?

“यानी मायले कानना तरास शे,” हिलालभाऊ लगेच म्हणाले. “आधीच सांगी ठेवस. मंग तुम्ही भांडाले येशात.”

“बरं झालं सांगितलंत,” अभिमन म्हणाला. “मग कान साफ ठेवू. एवढंच ना?”

एवढंच ना. मला बघायला आलास तेव्हा का नाही विचारलंस — आणि विचारलं असतंस तर आबा काय म्हणाले असते, आणि मी खाली मान घालून... कुत्र्याच्या आईचे कान ओसरीवर सगळ्यांसमोर बोलायचे, आणि माझी फुप्फुसं देवघराखाली. त्याच्या या साध्या, नेटक्या समजूतदारपणाची तिला चीड आली. तो समजून घेईल या भीतीने की काय, आम्ही त्याला काही समजूच दिलं नव्हतं.

“धर ना,” म्हणत त्याने पिल्लू तिच्या हातात दिलं. ऊब होती, पोटाची धडधड होती. पिल्लाने तिची हनुवटी चाटली. अभिमनने तिच्या बाहीवरून तळवा फिरवला आणि तो तिला दाखवला, मोठ्या कौतुकाने. “बघ. एकही नाही.”

तिने पाहिलं. तळवा स्वच्छ होता. आणि हनुवटीखाली खाज सुरू झाली होती, आणि छातीत, अगदी तळाशी, ती ओळखीची बारीक शीळ.

“घ्यायचं?” त्याने विचारलं.

पंप पर्समध्ये होता. तिने तो काढला नाही. ती शीळ ऐकत राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण वाट पाहतोय — ती वाढावी, ओसरीभर ऐकू जावी, इंदिराबाईंचं हसू थांबावं, म्हणजे आपल्याला काहीच सांगावं लागणार नाही. छातीनेच सांगून टाकावं. इतकी वर्षं आईने शब्द लपवला, आणि मी आता तो फुप्फुसांकडून वदवून घेणार, स्वतः तोंड न उघडता... राग आता आईकडे जाईना, आबांकडे जाईना, या तळवा पुढे धरून उभ्या राहिलेल्या माणसाकडेही जाईना. तो पहिल्यांदाच इकडे, स्वतःकडे वळला, आणि इकडे वळल्यावर तप्त राहिला नाही. थंड, काचेसारखा झाला, आरपार दिसेल असा. अजून एका वाक्यापुरता श्वास होता. तो कमी होत होता, आणि किती वेगाने, हे तिला नेमकं कळत होतं.