पाठीमागची गाठ

आमच्या तूत्तुकुडीत शंखासाठी बुडी मारणाऱ्याच्या दोरीचं दुसरं टोक बायकोच्या भावाकडे असतं. बहीण विधवा होऊ नये असं त्याच्याइतकं कोणाला वाटणार? आता पाठीवर हवेचे सिलेंडर आले, दोघेही खाली जातात, तरी कमरेची दोरी तीच. गढूळ पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही. दोरीला एक हिसका, म्हणजे 'आहेस ना?' उलट एक हिसका, म्हणजे 'आहे.'

परवा माझ्या धाकट्या भावाने, मिखेलने, त्या दोरीचं भेंडोळं माझ्या उंबऱ्यावर आदळलं. "अक्का, तुझ्या नवऱ्याला दुसरा कोणी बघ." आणि चालता झाला.

मागून माझा नवरा लुर्दू आला. हातात नारळाएवढा शंख, बत्तिशी बाहेर.

"झालं काय?" मी विचारलं.

"काही नाही गं. शंख दोरीच्या टप्प्यापलीकडे होता. दोरी सोडली, खडकाला बांधली, शंख उचलला आणि सरळ वर आलो. तुझा भाऊ खाली उगाच घुटमळत बसला. उद्या मी एकटाच जातो."

मी कपाळावर हात मारला. एकटे गेलेल्यांसाठी चर्चमध्ये मेणबत्त्या लावतात आमच्याकडे.

तशीच तणतणत मिखेलकडे गेले. पुढ्यात भात आणि माशाचं कालवण, पण तो शिवलाही नव्हता.

"एवढं फुगायला काय झालं? आला ना तो वर?"

"ते वर आल्यावर कळलं, अक्का. खाली हिसका दिला, उत्तर नाही. परत दिला, नाही. दोरी धरून सरकत गेलो तर हाताला खडक. हवा संपत आली तरी चाचपडत होतो. आणि सगळा वेळ तुला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो. एक जुळेना."

मी एरवी कोणाचं ऐकून घेणारी नाही. पण त्याचं ऐकून घेतलं आणि उठले. मला त्या दोघांची सारखीच कीव आली आणि भीतीही वाटली. घरी येऊन लुर्दूला शब्दन् शब्द सांगितला. त्याने शंख खाटेखाली सरकवला आणि न जेवता झोपला.

सकाळी तो दोरी घेऊन किनाऱ्यावर गेला. मीही मागोमाग. मिखेल होडीपाशी उभा होता.

"मच्चान..." लुर्दूने मेव्हण्याला हाक मारली, आणि तिथेच अडला.

मिखेलने त्याला अशी शिवी हासडली की फादरच्या कानावर गेली नाही तर बरं. मग दोरी ओढून घेतली, त्याला पाठमोरा केला आणि हात पोचणार नाही अशी मागे गाठ मारली.

"मी काय कुकुलं बाळ आहे? खाली अडकलो तर सोडू कशी?"

"तू नाही सोडायचीस. मी येईन."

दुसरं टोक त्याने स्वतःच्या कमरेला बांधलं आणि तिथे कोरड्या वाळूतच एक हिसका दिला. लुर्दूने लगेच उलट दिला.

मिखेलने परत एकदा दिला.