सतरा घरांच्या गोळ्या

अमडापुरात सहदेव गुरुजींच्या शब्दाला जो भाव होता, तो बाजारातल्या कुठल्याच मालाला नव्हता. शिकवलेली पोरं म्हातारी व्हायला आली, तरी सोयरिकीपासून बोअरच्या जागेपर्यंत सगळं त्यांनाच विचारत.

मुलगा धम्मरत्न औषध कंपनीचा एमआर, कंपनीच्या गोळ्या खपवणारा. रक्तदाबाच्या स्वस्त जेनेरिक गोळ्या कमअस्सल असतात, असं त्याने वर्षापूर्वी सांगितलं आणि गुरुजींनी गावातल्या सतरा जणांना मुलाच्या कंपनीच्या महागड्या निळ्या पट्टीवर आणलं. पुरावा कोणी मागितला नाही. गुरुजींना पुरावा मागायची सवयच कुणाला नव्हती.

मजुरीवर जाणारी विमलबाई मात्र निळी पट्टी पुरवून पुरवून खायची, एक दिवसाआड. परवा ती वावरातच चक्कर येऊन पडली. तिला बघून गुरुजी घरी आले ते थेट फार्मसी शिकणाऱ्या नातीकडे, धम्मरत्नच्या सारिकाकडे. स्वस्त पण खात्रीची गोळी असते का, विचारलं.

सारिकाने मोबाइलवर मंजूर औषधांची यादी उघडून निळ्या पट्टीचं नाव टाकलं. मूळ औषध तेच, ताकद तीच, मंजुरीही तशीच, अशा स्वस्त गोळ्यांची रांगच खाली आली.

"आबा, आई तर यातलीच घेते," म्हणत तिने फडताळातून पांढरी पट्टी आणली.

संध्याकाळी गुरुजींनी दोन्ही पट्ट्या धम्मरत्नसमोर ठेवल्या. तो आधी कंपनीच्या भाषेत बोलला, मग घरच्या भाषेवर आला.

"तुले माहीत होतं?" गुरुजींनी विचारलं.

"हाव, बाबा. टार्गेट होतं. गावात तुमच्या शब्दाले कोनी नाही म्हनत नाही, म्हून तुमाले सांगतलं."

बापाचं वावर विकायला निदान त्याची सही लागते. नाव विकायला तीही लागली नव्हती. गुरुजी त्या रात्री जेवले नाहीत.

सकाळी सतरा नावांची यादी खिशात घालून ते आधी विमलबाईकडे गेले. चूक माझी, पांढऱ्या पट्टीतली स्वस्त गोळीही तेच औषध आहे, डॉक्टरांना विचारून रोज घे, असं त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं.

विमलबाई बाजेवर उठून बसली.

"गुरुजी, तवा बी तुमीच सांगतलं होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "सारिकाले बोलवा. तिनं मोबाइलात दाखोलं का मंग घेतो."

गुरुजी नातीला आणायला माघारी वळले. यादीत अजून सोळा घरं होती.