अखंड बैठक

शिवमूर्तीने अभ्यासिकेतली लाल खुर्ची उचलली आणि सरळ डोक्यावर घेतली. हॉलभर मुलं-मुली पुस्तकात मान घालून बसली होती. काहींनी वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. जागचं कुणी हललं नाही, आणि त्यानेच त्याचं डोकं आणखी फिरलं.

"अहो, खुर्ची कुठं न्यायलात?" क्लासचे मालक सिद्धलिंग सर जिन्यापर्यंत मागे आले.

"पोलीस ठाण्यात. हिच्यावर बसून बसून माझ्या पोरीच्या पायात रक्त गोठलं. ती गुठळी छातीत गेली. फुप्फुसाचा तुकडा मेलाय तिच्या. तुम्हाला खुर्चीची पडलीय."

"आम्ही काय बांधून ठेवलं होतं का तिला?"

बांधून ठेवलं नव्हतं, हे खरं. लातुरात बांधायची गरजच पडत नाही. हॉलच्या भिंतीवर एक फळा होता, वर ठळक अक्षरांत 'अखंड बैठक'. सकाळी बसल्यापासून दुपारच्या सुट्टीपर्यंत जो उठणार नाही, त्याचं नाव फळ्यावर. उठला की नाव पुसलं आणि जागा शेवटच्या रांगेत, पंख्यापासून लांब. मध्येच उठावं लागू नये म्हणून मुली पाणीच पीत नसत. शिवमूर्तीच्या पोरीचं, दामिनीचं, नाव महिनाभर सगळ्यात वर होतं. सर त्या फळ्याचा फोटो पालकांना पाठवत, आणि शिवमूर्ती तो मोठ्या हौसेने गावाच्या ग्रुपवर टाकी. "पोरगी लई बसते," असं तो दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगे. आता ते आठवलं की त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटे; पण त्याआधी सिद्धलिंग सरांच्या.

ठाण्यातल्या हवालदाराने खुर्चीकडे पाहिलं, मग शिवमूर्तीकडे.

"खुर्चीला अटक करू का, मालक? दवाखान्याचा कागद आणा. बसवून ठेवल्यानं झालं असं डॉक्टरनं लिहिलं, तर तक्रार घेतो."

खुर्ची तिथेच टाकून शिवमूर्ती पाय आपटत दवाखान्यात आला. वाटेत चौकाचौकात यशवंत विद्यार्थ्यांचे फोटो लावलेले फलक होते. सगळी पोरं हसत होती. एकेक फलक फाडून काढावा, असं त्याच्या मनात येत होतं.

दामिनी नाकात नळी लावून पडली होती. खोल श्वास घेतला की उजव्या कुशीत कळ उठे, म्हणून ती वरवरचा, तोकडा श्वास घेत होती. तिची आई शांतम्मा डबा आणायला गेली होती. डॉक्टर नाझनीन यांनी तिच्या छातीच्या स्कॅनची फिल्म उजेडात धरली.

"ही पाचरीसारखी जागा दिसते? इथली रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली. रक्त पोचलं नाही, म्हणून एवढा भाग मेला. बाकीचं फुप्फुस चांगलं आहे. औषध चुकवलं नाही तर मुलगी बरी होईल, पण इथं व्रण राहील."

"बसल्यामुळं झालं, असं लिहून द्या मॅडम."

"तासन्‌तास बसणं, पाणी न पिणं, ते लिहितेच." त्या दामिनीकडे वळल्या. "पण मला एक सांग. पाय सुजल्यावर कुणी चोळला होता का? गुठळी औषधावर पायातच आटोक्यात आली असती. जोरात चोळलं की ती सुटून वर जाऊ शकते."

शिवमूर्तीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

रविवारी दामिनी लातूरहून गावी घरी आली होती, पोटरी सुजून टणक झालेली. त्याने करडईचं तेल कोमट केलं. भूकंपात त्याचा स्वतःचा पाय भिंतीखाली सापडला होता. मदत छावणीच्या तंबूतल्या डॉक्टरांनी हा लंगडा राहणार म्हणून सांगितलं होतं. गुंडप्पा मामाने वर्षभर तेल चोळून त्याला चालतं केलं. तेव्हापासून शिवमूर्तीचा मालिशवर देवासारखा विश्वास. भूकंपानंतर वसलेल्या नव्या गावठाणातला लचकलेला प्रत्येक पाय त्याच्याच मांडीवर यायचा. दामिनी कळवळली, तेव्हा तो म्हणाला होता, "दुखतंय म्हणजे मोकळं व्हायलंय," आणि त्याने अंगठे आणखी रोवले होते. दुसऱ्या दिवशी लातूरच्या बसमध्ये तिला धाप लागली.

"सांग ना," डॉक्टर म्हणाल्या. "चोळला कुणी?"

दामिनीने बापाकडे पाहिलं नाही.

"न्हाई मॅडम. कुणी हात लावला न्हाई."

डॉक्टरांनी दोघांकडे एकदा पाहिलं, कागद लिहून उशाशी ठेवला आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. शिवमूर्ती स्टुलावर बसला. सकाळपासून अख्ख्या लातुरावर खेकसणारा त्याचा आवाज आता कसाबसा बाहेर आला.

"खरं का न्हाई सांगितलंस? बापाचं नाव येऊ नये म्हणून?"

"खोटं तुमच्यासाठी न्हाई बोलले, अप्पा." प्रत्येक शब्दाला तिला थांबावं लागत होतं. "कितीदा म्हणलं होतं, नका दाबू. ऐकलं का तुम्ही?"

त्याने दोन्ही अंगठे मुठीत लपवले.

"कागदावर तुमचं नाव आलं असतं, तर सर सुटले असते." तिने डोळे मिटून श्वास गोळा केला. "तिथं पोरी अजून बसून हायत. कागद घ्या अन् ठाण्यात जावा."